बेगमी सरपणाची झाली, कागदांची केव्हां ?

रोहिणी लागल्या, मृग दारांत आला. आमच्या कसाल गांवीं मुंबई-गोव्याच्या हमरस्त्यापासून मालवणचा रस्ता फुटतो. त्या तिठ्यावरून कोणत्याहि वाडींत शिरा, घरोघर एकच गडबड दिसेल. सरपण फोडून पडवींत रचलें आहे. शेणी मांगरांत गेल्या. नळे परतून झाले, पावसाच्या बाजूस चुडतांची झड उभी राहिली. सोलें वाळलीं, आंबोशी बरणींत गेली, सुके बांगडे व सुकट बाजारांतून आली, मसाल्याच्या मिरच्या कांडून झाल्या, बियाण्याचें भात वेगळें निघालें. आतां गॅस आला आहे, दुकानें बारमाही उघडीं असतात, तरी आमच्या घरच्या बाया बेगमी सोडीत नाहींत, आणि सोडूं नये असेंच आम्हांस वाटतें.

बंधुभगिनींनो, ही बेगमी कशी होते याकडे क्षणभर लक्ष द्या. कोणतीहि घरधनीण "यंदा पुष्कळ सरपण करूं" असें म्हणत नाहीं. ती म्हणते, चार महिन्यांस इतके भारे, गणपतींत मुंबईकर येणार म्हणून दोन भारे अधिक, आणि हें सारें मृगाच्या आंत. म्हणजे काम किती, केव्हांपर्यंत, कशासाठीं, आणि तें घरांत कोठें राहील, या चारी गोष्टी तिच्या मनांत पक्क्या असतात. जितकें अंगणांत मावेल आणि जितकें हातून होईल तितकेंच ती ठरविते, म्हणून तें पार पडतें. ज्यास शहरांतले विद्वान् योजना म्हणतात ती ही. आमच्या आज्यांस ती कोणी शिकविली नव्हती.

आतां त्याच घरीं जाऊन एक कागद मागा. जून महिन्यांत शाळा उघडतात, नवीं मुलें दाखल व्हावयास येतात. मी आईबापांकडे मुलाचा जन्मदाखला मागतों. मग माळ्यावरची पेटी खालीं येते, देव्हाऱ्यामागची पिशवी उपसली जाते, गादीखालीं, तांदळाच्या डब्यांत, कॅलेंडरच्या मागें हात जातात. गेल्या वर्षीं एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तरांनू, दाखलो हयच खंय तरी ठेवलेलो, आता गावणा नाय." मी म्हटलें, "आये, तुझ्या घरांत तिरफळां खंय आसत तां काळोखात सांगशीत, आणि नातवाचो दाखलो गावणा नाय?" ती हंसली. मलाहि हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं.

कारण पूर्वीं ही उणीव आम्हीं मास्तरांनींच झांकली. बापास मुलाची जन्मतारीख सांगतां आली नाहीं कीं आमचे जुने शिक्षक रजिस्टरांत १ जून लिहून मोकळे होत. आज महाराष्ट्रांत १ जून रोजीं वाढदिवस असणारे आजे-आज्या गणतीस येणार नाहींत इतके आहेत, ती आमच्याच धंद्याची करणी. आतां तें चालावयाचें नाहीं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत शाळेंत नांव घालण्यास, पुढें वाहन परवाना काढण्यास, मतदार होण्यास जन्मदाखला हाच पुरावा धरण्याचा कायदा झाला आहे. तीं मुलें थोड्याच वर्षांत माझ्या शाळेच्या पायऱ्या चढतील.

या अव्यवस्थेबद्दल कांहीं सुशिक्षित लोक आम्हां कष्टकऱ्यांस नांवें ठेवितात. ह्यांस वळण नाहीं, ह्यांच्या घरांत कशाचा कशास पत्ता नसतो, असें ते म्हणतात. हा आरोप खोटा आहे. माझें घर सुताराचें. आजोबांच्या पडवींत वाकस, पटाशी, रंधा, सामता, गुण्या यांची भिंतीवर एक ओळ होती, आणि दिवा नसला तरी त्यांचा हात नेमक्या हत्यारावर पडत असे. आम्हां पोरांनीं पटाशी घेऊन खुंटी चुकवून ठेवली तर पाठींत धपाटा बसे. कुंभाराचा आवा पाहा, गाबिताचें जाळें घडी करून ठेवलेलें पाहा, कुणब्याचें बियाणें पाहा. ज्या वस्तूवर पोट आहे ती वस्तू आमच्या घरांत कधीं हरवत नाहीं. मग कागदच कां हरवतो ?

माझें म्हणणें असें, कीं कागद हा आमच्या घरांत राहणारा पदार्थच नव्हता. तो नेहमीं दुसऱ्याच्या घरीं राहिला. जमिनीचा कागद कुळकर्ण्याच्या दप्तरांत, कर्जाचा सावकाराच्या पेटींत, खंडाचा खोताच्या वाड्यांत. आमच्या वाट्यास आला तो फक्त अंगठा. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी उठले तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर होता. तीं हिसकून घेऊन त्यांनीं जाळलीं. आपली मान कोठें अडकली आहे हें निरक्षर माणसांसहि ठाऊक होतें. त्यानंतर १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां कायदा झाला, व दिलेल्या पैशांची पावती मागण्याचा हक्क कुणब्यास मिळाला. आमचें कोंकण त्यांत नव्हतें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत अक्षरशून्य शेतकरी कागदोपत्रीं कसा नागवला जातो तें उघडें केलें. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हां कोठें गांवचें दप्तर एका घराण्याच्या मालकींतून बाहेर आलें. पुढें कूळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, व कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. परंतु आपण कूळ आहों हें दाखवावयास उताऱ्यावर नांव किंवा खंडाची पावती लागे. पावती ज्यानें छपरांत खोंवून कां होईना पण ठेवली, त्याच्या हातांत कांहीं आधार राहिला.

ही जुनी हकीकत एवढ्यासाठीं सांगितली, कीं पिढ्यान् पिढ्या घरांत हत्यारांस खुंटी होती, भातास कणगी होती, कागदास मात्र जागाच नव्हती. आतां कागद आमच्या हातीं आला आहे आणि जागा अजून नाहीं. हाच काय तो दोष.

याचा दंड मी स्वतः भरला आहे, म्हणून लिहिण्याचा अधिकार समजतों. आमच्या आजोबांनीं चौथी पास होऊन शाळा सोडल्याचा दाखला घेतला होता. तो त्यांनीं जन्मभर हत्यारांच्या पेटींत जपला. ते गेल्यावर ती पेटी आम्हीं माळ्यावर टाकली, मातीच्या भिंतीला चिकटून. मी अध्यापक विद्यालयांतून शिकून आलेला, वर्गांत मुलांस "वस्तू जागच्या जागीं ठेवा" म्हणून सांगणारा, पण ती पेटी दहा वर्षें उघडून पाहिली नाहीं. पुतणी बारावी झाली, तिला परिचारिकेच्या शिक्षणास जावयाचें होतें. आमच्यासारख्या इतर मागासवर्गीयांस जात पडताळणीसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा. मी मोठ्या दिमाखानें माळ्यावर चढलों. पेटी उघडली तों आंत वाळवीची माती. वाकसाचा दांडा सुद्धां पोखरला होता. दाखल्याचा एक कोपरा उरला होता, त्यावर शाळेच्या शिक्क्याची अर्धी गोलाई.

मग ज्या गांवीं आजोबा शिकले तेथील शाळेचें जुनें रजिस्टर शोधलें. तें सांपडलें, पण त्यांत आडनांव नव्हतें. नुसतें नांव व बापाचें नांव. मग तें नांव आमच्याच आजोबांचें हें पटविण्यास प्रतिज्ञापत्रें, वंशावळ, वडिलांचा दाखला, चुलत्यांचा दाखला. पांच महिने गेले. प्रवेशाची मुदत टळली. फीचे पैसे आमच्याजवळ नव्हते. पोर एक वर्ष घरीं बसली. पुढल्या सालीं तिला प्रवेश मिळाला, आतां ती नोकरीस आहे, हें सुदैव. पण त्या वर्षीं ती खळ्यांत बसून भात वारवतांना माझ्याकडे पाही तें मला आठवतें. ती कधीं बोलली नाहीं.

आमचेंच घर असें होतें असें नव्हे. प्रधानमंत्री किसान सन्मान योजना २०१९ सालीं आली. वर्षास ६००० रुपये, दोन दोन हजारांचे तीन हप्ते. अट अशी, कीं १ फेब्रुवारी २०१९ रोजीं जमीन नांवावर असली पाहिजे. किती घरीं पाहावें तर सातबारावर मेलेला आजा मालक, आणि चिखलांत नांगर धरणारा नातू कागदावर कोणीच नाहीं. २०२४ च्या जुलैंत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हां अधिवासाच्या दाखल्यासाठीं बायांची काय धांवाधांव झाली ती सर्वांनीं पाहिली. मग सरकारनें सूट दिली कीं पंधरा वर्षांपूर्वींचें रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांतलें एक चालेल. ज्या बाईस आपला शाळेचा दाखला माहेरीं कोणत्या डब्यांत आहे हें ठाऊक होतें, तिचें काम लवकर झालें. हमरस्ता चौपदरी होऊं लागला, मोबदल्याच्या नोटिसा आल्या, तेव्हां एकेका उताऱ्यावर वीस-वीस नांवें, त्यांतील निम्मे वारलेले, बाकीचे डोंबिवलीस नाहीं तर बडोद्यास. आणि २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूणांत वाशिष्ठीचें पाणी शिरलें, त्या चिखलांत लोकांचीं भांडीं गेलीं तसे कागदहि गेले. त्याच्या आधीं दोन महिने, मे महिन्यांत, तौक्ते वादळानें आमच्या मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरचीं छपरें उडविलीं होतीं. ज्या घराचें छप्पर उडतें त्याच घरास पंचनाम्याच्या वेळीं कागद काढावे लागतात, हें लक्षांत ठेवा.

तर करावें काय ? येथें आमच्या लोकांची दुसरी एक खोड सांगितली पाहिजे. ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालतात, तें तुम्हीं ऐकलेंच आहे. गाऱ्हाणें घालणारा सगळें एकदम मागतो : पोराबाळांस सुखी ठेव, गुराढोरांस सांभाळ, मुंबईकरांची भरभराट कर, आलेलें संकट बाराबंदराच्या पलीकडे ने, आणि मंडळी प्रत्येक वाक्यास "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाकडे असें मागावें, त्यास आमची हरकत नाहीं. त्याचा हात मोठा आहे. पण आम्ही स्वतःच्या कामाचे बेतहि गाऱ्हाण्यासारखेच करतों. पाडव्यास ठरवितों कीं यंदा जमिनीची वांटणी करूं, घर स्लॅबचें करूं, पोराला इंजिनीयर करूं, कर्ज फेडूं. सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. शिमगा येतो तेव्हां एकहि गोष्ट झालेली नसते, आणि आपल्याच्यानें कांहीं होत नाहीं असा ग्रह घट्ट होऊन बसतो. हा ग्रह गरिबीहून वाईट.

बेत बेगमीसारखा करावा. एका हंगामास एक काम, आणि तें एवढें लहान कीं शेजाऱ्यास सांगण्याची लाज वाटावी. आमच्या घरीं गेलीं तीन वर्षें चाललेला क्रम सांगतों, तो जसाच्या तसा घ्यावा असें नाहीं.

पहिल्या पावसाळ्याआधीं आम्हीं फक्त पेटी केली. पत्र्याची, जुनीच, गंज घासून रंगविलेली. ती जमिनीवर ठेवीत नाहीं व भिंतीस टेकवीत नाहीं, मध्यें हातभर वाट राखतों, म्हणजे वाळवीची रेघ दिसते. आंत प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक जमिनीची, एक माणसांची, एक पैशांची. एवढेंच वर्गीकरण पुरे, अधिक करूं गेलांत तर आठ दिवसांत मोडेल. झाकणाच्या आंतून एक कागद चिकटवून त्यावर काय काय आहे तें मुलीकडून मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलें, आणि कोणीं काय बाहेर नेलें तें लिहावयास खालीं जागा ठेवली. हें काम दोन दुपारींत झालें. आमच्या ओल्या हवेंत कागदांस बुरशी धरते, म्हणून पाऊस गेल्यावर दसऱ्याच्या सुमारास एकदां सर्व कागद सावलींत पसरून वारा देतों.

ज्या घरांत अजून पेटी नाहीं त्यांनीं या मृगाआधीं याहून कांहींच करूं नये. वांटणीचा विषय काढूं नये, स्लॅबचें नांव घेऊं नये.

त्यानंतरचें काम वारसनोंदीचें. आमचे वडील २०११ सालीं वारले. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे द्यावी असा महसूल कायद्याचा नियम. आम्हीं ती दिली २०२२ सालीं. अकरा वर्षें काय करीत होतों म्हणाल तर उत्तर नाहीं. मृत्यूचा दाखला पेटींतल्या दुसऱ्या पिशवींत होता, पण तेव्हां पेटी कोठें होती ! सह्यांसाठीं आमच्या कोंकणांत एकच मुहूर्त, गणपतीचा. मुंबईचे सगळे भाऊबंद त्या पांच दिवसांत घरीं असतात, आणि ते दिवस भजन, पत्ते व जुनीं भांडणें यांत जातात. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, जेवणें झाल्यावर, एक तास कागदासाठीं मागून घ्यावा. एकाच कागदासाठीं. दोन कागद काढलेत तर भांडण होईल, हा माझा अनुभव.

पैशांच्या बाबतींत येथें थोडेंच लिहितों. एक वही, रोजचा खर्च, बस्स. गणपतीच्या सजावटीस व लग्नाच्या मंडपास किती लागले हें ज्या घरीं लिहिलें जातें, त्या घरीं पुढल्या खेपेस तो आंकडा आपोआप खालीं येतो. मास्तरांनीं उपदेश करावा लागत नाहीं.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्हांस महिन्याचा पगार, तुम्हांला पेट्या रंगवावयास सवड आहे. आम्हांस सकाळीं शेतावर जाऊन संध्याकाळीं परत यावें लागतें. हें खरें आहे, मी नाकारीत नाहीं. पण एका दाखल्यासाठीं ओरोसला तीन खेपा झाल्या तर तीन दिवसांची मजुरी जाते. ती कोणाची जाते ? पगारदाराची नाहीं. दुसरे म्हणतील, आतां सारें मोबाईलवर आलें, सातबारा पंधरा रुपयांत सहीशिक्क्यानिशीं घरबसल्या निघतो, मग पेटी कशाला ? सातबारा निघतो, पण त्यावर जें लिहिलें आहे तेंच निघतें. आज्याचें नांव असेल तर आज्याचेंच निघेल. आणि आजोबांचा १९३० च्या सुमाराचा दाखला कोणत्याहि मोबाईलांत नाहीं. तो ज्याच्या माळ्यावर आहे त्यानें आजच खालीं काढावा, त्याचा फोटो काढून दोन जणांच्या मोबाईलांत ठेवावा, आणि जुन्या शाळेच्या रजिस्टराचा उताराहि घेऊन ठेवावा. गरज पडल्यावर नव्हे, आतां.

आणखी एक गोष्ट. पेटीची किल्ली घरधन्याच्या कमरेस नसावी. पुष्कळ घरीं पुरुष मुंबईस वा गोव्यास, आणि येथें बाईस कोणता कागद कशाचा हें माहीत नाहीं; तो एकाएकीं गेला तर तिच्या हातांत विम्याचा कागद सुद्धां येत नाहीं. जी बाई चार महिन्यांची बेगमी तोंडपाठ ठेवते तिला तीन पिशव्या जड नाहींत. आमच्या घरीं किल्ली माझ्या पत्नीकडे आहे. मलाच कागद हवा असला तर झाकणावर नांव लिहावें लागतें, आणि परत ठेवला नाहीं तर रात्रीं जेवतांना विचारणा होते.

आमचें या वर्षींचें काम अजून राहिलें आहे, तें लिहून टाकतों म्हणजे टाळतां येणार नाहीं. २०२२ सालीं वारसनोंद केली तेव्हां आम्हीं भावांनीं आमचीं नांवें घातलीं, बहिणीचें घातलें नाहीं. ती कणकवलीस दिलेली. तिनें मागितलें नव्हतें, आणि गांवांत असेंच करतात. मुलीस बापाच्या मालमत्तेंत १९५६ पासून कायद्यानें वाटा आहे, २००५ पासून तर मुलाच्या बरोबरीचा, हें मी इतरांस सांगत फिरतों, आणि माझ्याच पेटींतल्या पहिल्या पिशवींत तिचें नांव नाहीं. नोंद दुरुस्त करावी लागेल. भावांशीं बोलणें झालें आहे, एक राजी आहे, एक अजून गप्प आहे. सरपण भरून झालें. येत्या रविवारीं, पाऊस लागण्यापूर्वीं, कणकवलीस जाऊन तिला हें तोंडानें सांगावयाचें आहे.

— एक प्राथमिक शिक्षक, कसाल